कडेवर ठरतं

एमडीएफचं नाव काढलं की ‘भुशाचं लाकूड’ म्हणून नाक मुरडणारे सुतार अजून भेटतात. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. नीलगिरी, सुबाभूळ, पॉप्लर अशा लवकर वाढणाऱ्या, मुद्दाम लावलेल्या झाडांचे तुकडे वाफेवर मऊ करून त्यांचे तंतू सुटे करतात, रेझिन मिसळून गरम प्रेसखाली दाबतात. उसाच्या चिपाडापासूनही असे बोर्ड होतात. ज्या शटरवर शेवटी रंगच चढणार, त्यासाठी सागवान कापायचं माझ्या जिवावर येतं.

पण तेवढ्याने बोर्ड पर्यावरणाचा मित्र होत नाही. जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा रंध्याखाली गेला की त्याचा देव्हारा होतो, खुर्ची होते. फुगलेल्या एमडीएफचं पुढे काहीच होत नाही. रेझिनमुळे तो चुलीतही घालू नये. म्हणून तो पहिल्याच घरात वर्षानुवर्षं टिकला पाहिजे.

18 मिमीचा बोर्ड कापून कड उजेडात धरा. दोन्ही पृष्ठभागांलगतचा थर घट्ट, मधला सैल. पाणी शिरतं ते इथून. मी कडेवर 220 नंबरचा पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळून फिरवतो, मग सीलरचा पहिला हात देतो. बघता बघता तो जिरतो आणि तंतू उभे राहतात. वाळल्यावर पुन्हा घासायचं, पुन्हा हात द्यायचा, बोटाला खरखर लागेनाशी होईपर्यंत. बिजागरीच्या 35 मिमीच्या खाचेलाही सीलर हवा, आणि शटरच्या खालच्या कडेला तर हवाच. ती कुणाला दिसत नाही, पण फरशी पुसताना पाणी आधी तिलाच लागतं.

रेझिनमधला फॉर्मल्डिहाइडही उघड्या कडेतूनच जास्त सुटतो. लहान मुलांच्या खोलीसाठी मी ई-वन किंवा ई-झिरो शिक्क्याचाच बोर्ड घेतो, तरी कडा बंद करतोच. कापताना उडणारी धूळ फार बारीक असते. मास्क न लावणाऱ्या पोराला मी मशीनजवळ उभं राहू देत नाही.

सिंकखाली मात्र एमडीएफ नको, ओलावा सोसणारा हिरवा बोर्डसुद्धा नको. गिऱ्हाईक खर्चाचं गणित मांडतं, मी ऐकून घेतो आणि तिथे मरीन प्लायच लावतो.