आजीनं ऐकलेलं पुस्तक

आमच्या घरात पुस्तकं तीनच होती. बायबल, उपासनेच्या गीतांचं पुस्तक आणि पाठीमागची पानं गेलेलं पंचांग. पंचांग कुठून आलं ते कुणी सांगत नव्हतं, पण पेरणीच्या वक्ताला नाना ते हळूच काढून बघायचे. राहुरीपासून चार कोसांवर आमचं गाव. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आधी तिला महारवाडा म्हणायचे, मग माझ्या पणज्याच्या वेळेला बाप्तिस्मे झाले आणि ख्रिस्तवाडी म्हणू लागले. नाव बदललं, वाट तीच राहिली.

देवळात टिळकांची भजनं चालायची. नारायण वामन टिळक कोण, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पेटी, टाळ, ढोलकी आणि वीस-पंचवीस गळे. चाल अभंगाची, त्यामुळं वरच्या आळीतला एक माळकरी म्हातारा देवळाच्या भिंतीला टेकून ऐकत बसायचा. आत मात्र कधी आला नाही. पुढं शाळेत गुरुजींनी जखमी पाखराची कविता शिकवली आणि खाली कवीचं नाव टिळक. मी उभा राहून म्हणालो, "गुरुजी, हे आमच्या देवळातले." वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "असतील. पण कविता आपल्या सगळ्यांची आहे. बस." त्या दिवशी मी जरा ताठ मानेनं घरी आलो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. खडी फोडायला सगळी वाडी रस्त्यावर. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी. त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ हगवणीनं गेला, सहा वर्षांचा होता. दफनाला एक उपदेशक आले होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की घरच्यांचा विश्वास उणा पडला, प्रार्थना कमी पडली. आई खाली बघत राहिली. मी चौदा वर्षांचा. त्या रविवारपासून मी देवळाची पायरी चढलो नाही. कुणी बळजबरी केली नाही, हे आईचे उपकार.

वाचायची चटक मात्र होती. तालुक्याच्या वाचनालयात पाच रुपये डिपॉझिट भरून नाव घातलं, ते पैसे खडीचेच. तिथं बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' मिळालं. 1857 सालचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात. विधवांचे हाल वाचून पोटात कालवायचं, पण मधेमधे उपदेश सुरू झाला की मी पानं उलटायचो. उपदेशाची मला तेव्हा ॲलर्जीच होती म्हणा. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, तेही तिथंच कळलं. बाईमाणसानं एकटीनं एवढं केलं, याचंच नवल वाटलं, श्रद्धा-बिद्धा नंतरची.

आणि मग लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हातात आलं.

ते मी आजीला वाचून दाखवायला घेतलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि अक्षर तिला आधीही येत नव्हतं. रात्री चिमणीच्या उजेडात मी वाचायचो, ती वाकळेवर बसून ऐकायची. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड, बाजारातला जिन्नसही धुऊन घ्यायचं, हे ऐकून आजी हसून लोळली. घरात मीठमिरची नसताना खिसा रिकामा करून येणारे टिळक तिला आमच्या नानांसारखे वाटले. "आसंच आसतंय ह्या बाप्यांचं," म्हणाली.

पण 1895 साली टिळकांचा बाप्तिस्मा होतो, ती बाई नवऱ्यापासून काही वर्षं तुटते, आणि परत नांदायला आल्यावरही आपली चूल, आपलं पाणी वेगळं ठेवते. तिथं आजीनं हात वर केला.

"थांब. म्हंजी ही आपल्या हातचं पाणी पीत नव्हती?"

"नव्हती, आजी."

"आन् ह्ये तिनं सोताच लिवलंय?"

"हो."

आजी उठून भिंतीकडं तोंड करून निजली. लहानपणी विहिरीवर तास-तास उभी राहिलेली बाई ती. कुणाची दया आली तर वरून पाणी घालायचे, नाहीतर रिकामा हंडा घेऊन परत. दोन रात्री तिनं पुस्तकाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या रात्री तीच म्हणाली, "काढ त्ये पुस्तक. एवढं उघडं करून लिवती, ती लबाड न्हाई."

पुढं राहुरीचा प्रसंग आहे. आमचीच राहुरी! तिथं बाईंच्या ध्यानात येतं की देवानं माणसं केली, जाती माणसांनी केल्या. आणि तिथून ती कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागते. मी वाचून थांबलो. आजी बराच वेळ गप्प.

"उशीर केला बाईनं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पर आली."

मला त्या उपदेशकाचं आठवलं. त्याच्याजवळ सगळी उत्तरं शिवून तयार होती. ह्या बाईचं तसं नव्हतं. ती भांडली, रुसली, चुकली, आणि चुकली हे छापून ठेवलं. असा विश्वास मला जमेल असं पहिल्यांदा वाटलं. टिळकांनी तर 1917 साली मिशनची नोकरीच सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. म्हणजे दार सोडून बाहेर पडणारा मी पहिला नव्हतो! त्यांनी मिशन सोडलं, ख्रिस्ताला नाही, एवढा फरक होता म्हणा.

मी आजीला विचारलं, "भाऊ का गेला गं? खरंच आपली प्रार्थना कमी पडली?"

"मला काय ठावं," ती म्हणाली. "देवाला मीबी इचारती रोज. त्यो बोलत न्हाई. मी इचारायचं सोडलं न्हाई."

देवळात जायला मला पुढं तीन वर्षं लागली. गेलो तेही भजनाला, उपदेशाच्या आधी उठून यायचो. आता पूर्ण वेळ बसतो. उपदेश अजूनही सगळा पटत नाही.

आजी 1981 साली गेली. मातीच्या वेळी पाळकांनी विचारलं, कुठलं गीत घ्यायचं? मी म्हणालो, टिळकांचं. भिंतीला टेकणारा माळकरी तोवर फार थकला होता, तरी काठी टेकत आला आणि त्या दिवशी आमच्या रांगेत उभा राहून गायला. चाल त्याला पाठच होती.

पुस्तक मी वाचनालयाला परत केलंच नाही. आजीच्या बोटांचे तेलकट डाग त्याच्या पानांवर आहेत; वाचता येत नव्हतं, पण किती उरलंय ते ती चाचपून बघायची. माझे पाच रुपये अजून त्यांच्याकडं जमा आहेत.