जामखेडच्या नोटा आणि विमानातला चहा

जामखेडला रेल्वे नाही. नगर ते आष्टी गाडी २०२२ साली धावली, २०२५ च्या सप्टेंबरात ती बीडपर्यंत पोहोचली. पण आमचे गाव बाजूलाच राहिले. त्यामुळे जामखेडकराचा कोणताही प्रवास एस.टी. स्टँडवरून सुरू होतो. मग तो खर्ड्याचा असो, चौंडीचा असो की दीक्षाभूमीचा. आम्ही गेल्या हिवाळ्यात निघालो तेही याच स्टँडवरून, पहाटेच्या अंधारात, हातात भाकरीचे गाठोडे घेऊन. फरक एवढाच की पुण्याहून पुढे आम्हाला विमानाने नागपूरला जायचे होते.

विमान हे आमच्या घरात कधी कोणी मनातही आणले नव्हते. पण आईचे वय शहात्तर, गुडघे गेलेले, आणि रेल्वेत सतरा-अठरा तास बसणे तिला शक्य नाही. दीक्षाभूमी एकदा डोळ्यांनी बघायची हा तिचा ध्यास. आमच्या भाच्याने तीन महिने आधी तिकिटे काढली, म्हणून ती परवडली. आई, आमचे कुटुंब, शेजारच्या अक्का आणि आम्ही असे चौघे निघालो.

जामखेड ते नगर हा रस्ता बघण्यासारखा आहे. गाव सोडले की आष्टी, मग कडा. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणाला जायला मध्येच बीड जिल्हा ओलांडावा लागतो. दोन्ही बाजूंना बालाघाटच्या उघड्या टेकड्या. पाऊस झाला तर ज्वारी, नाही झाला तर कोयते घेऊन ऊसतोडीला. आई खिडकीतून एकेक जागा दाखवत होती. बहात्तरच्या दुष्काळात याच भागात तिने खडी फोडली. शनिवारी पगार व्हायचा, मुकादम नोटा मोजून हातावर ठेवायचा, आणि घरी येईपर्यंत ती मूठ उघडायची नाही, असे ती सांगत होती. आजही तिचा पैसा बँकेत कमी आणि कापडी बटव्यात जास्त असतो. निघताना तिने आम्हाला बजावले होते, "रस्त्यातला च्या-पानी माझ्याकडं. तुमी खिशाला हात लावायचा नाय."

आणि तसेच झाले. नगरच्या स्टँडवर तिने पैसे दिले, पुण्यात रिक्षावाल्याला तिने दिले. लोहगावच्या विमानतळावर मात्र आम्ही तिला काही घेऊ दिले नाही. तिथले भाव बघून आम्हीच घाबरलो. गाठोडे सोडून भाकरी-ठेचा खाल्ला. कोणी अडवले नाही. विमानात घरचे कोरडे अन्न नेता येते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

विमान वर गेले. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते, ते आता उघडले. थोड्या वेळाने एक मुलगी गाडा ढकलत आली. आईने तिला थांबवले. "पोरी, चार च्या दे." मुलीने नम्रपणे भाव सांगितला. आईने तोंड वाकडे केले, पण बटवा उघडला. शंभराच्या घड्या घातलेल्या नोटा बाहेर आल्या. मुलगी म्हणाली, "आजी, रोख घेत नाही आम्ही. कार्ड आहे का?"

आईला आधी कळलेच नाही. तिला वाटले नोट फाटकी असेल. तिने दुसरी काढली. मुलीने पुन्हा तेच सांगितले. आम्ही मोबाइल काढला, पण वर आकाशात रेंज नाही. मग आमचे कार्ड दिले, तेही त्या यंत्राने घेतले नाही. मागचे लोक बघू लागले. आम्ही आयुष्यभर रोकड वही लिहिणारा कारकून. पण खिशात पैसे असताना पैसे नसल्यासारखे वाटणे म्हणजे काय, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पलीकडच्या आसनावर नागपूरचा एक तरुण होता. त्याने आपले कार्ड पुढे केले आणि चार चहा आले. आईने त्याच्याकडे नोटा धरल्या. तो म्हणाला, "राहू द्या आजी." आईने कप खाली ठेवला. "फुकटचा नको बाबा मला," म्हणाली. दोन-तीन वेळा नको-हो झाले. शेवटी त्याने नोटा घेतल्या, तेव्हा तिने कप उचलला.

मग ती हळू आवाजात आम्हाला म्हणाली, "मी ल्हान व्हते तवा हाटेलात आपला कप येगळा व्हता. भायेर बसून प्यायचा, धुऊन ठिवायचा. पैका मातर घ्यायचे. खाली ठिवायला लावायचे, वरून पानी शिपडायचे, पन घ्यायचे. आता कप येकच हाय, तर पैका नको म्हंत्यात."

हे ऐकून आमच्या कुटुंबाला हसू आले आणि आम्हाला मात्र चहा गोड लागेना. हा विटाळ नव्हे, हे आम्हाला कळते. त्या मुलीने कोणाची जात विचारली नाही. शेजारच्या कोट घातलेल्या गृहस्थाने नोट दिली असती तरी तिने तेच उत्तर दिले असते. तिच्यावर राग धरण्याचे कारण नाही. पण त्या गृहस्थाकडे कार्ड असणार आणि आमच्या आईकडे नसणार, हे नियम करणाऱ्याला आधीच ठाऊक असते. तो कोणाला उद्देशून केलेला नसला तरी गैरसोय कोणाची होते, ते उघड आहे.

घरी आल्यावर आम्ही या गोष्टीची थोडी माहिती काढली. रोकड बंद करण्याची रीत आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी २००९ साली देशांतर्गत विमानांत फक्त कार्ड घ्यायला सुरुवात केली. कारणे हिशेबाची आहेत. विमानात सुटे पैसे ठेवावे लागतात, उतरल्यावर मोजदाद करावी लागते, रोकड कमी भरली तर भांडण कर्मचाऱ्याशी, आणि गाडा पुढे सरकायला वेळ लागतो. आम्ही स्वतः रोकड सांभाळतो, त्यामुळे ही कारणे खोटी आहेत असे म्हणणार नाही. संध्याकाळी दहा रुपये कमी आले तर ते आमच्याच खिशातून जातात. यूपीआयला त्याच क्षणी इंटरनेट लागते, म्हणून ते ढगात चालत नाही. कार्डाची नोंद यंत्र साठवून ठेवू शकते आणि खाली उतरल्यावर बँकेला कळवते.

न्यू जर्सी राज्यातला एक प्रवासी या प्रश्नावर कोर्टात गेला होता. त्याला विमानात रोखीने हेडफोन विकत मिळाले नाहीत. त्याचे म्हणणे होते की ही कार्ड नसलेल्यांवर केलेली भेदभावाची वागणूक आहे. २०१३ साली अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०१९ मध्ये त्याच राज्याने दुकानदारांनी रोख नाकारू नये असा कायदा केला. म्हणजे आमच्या आईला जे खटकले ते तिकडच्या आमदारांनाही खटकले होते.

आपल्याकडे रिझर्व्ह बँक कायदा १९३४ च्या कलम २६ प्रमाणे नोट ही भारतात कोठेही वैध चलन आहे. पण वस्तू विकण्याआधीच विक्रेता "आम्ही कार्डच घेतो" म्हणाला, तर त्याला अडवणे सोपे नाही. टोलनाक्याचेच पाहा. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग नसेल तर दुप्पट टोल. २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्यात यूपीआयवाल्याला सव्वापट अशी सूट मिळाली, रोखवाल्याला दुप्पट कायमच राहिला. नोट नाकारली नाही, पण तिची किंमत अर्धी केली असे आम्ही म्हणतो. मोटारवाल्याचे एवढे काही बिघडत नाही, पण उद्या हीच रीत खाली उतरत आली तर?

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाची किंमत घसरली की मजुरी करणारा मरतो, ही त्यांची काळजी होती. ३० डिसेंबर २०१६ रोजी सरकारने मोबाइलवर पैसे देण्याचे ॲप काढले आणि त्याला भीम हे नाव दिले. त्याआधी सातच आठवड्यांपूर्वी पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या होत्या. त्या दिवसांत आमच्या जामखेडमध्ये बँकेच्या दाराशी ज्या रांगा लागल्या, त्यात आमची आईही होती. साखरेच्या डब्यात, गोधडीत ठेवलेला बायकांचा पैसा तेव्हा नवऱ्यांपुढे उघडा पडला. काही घरांत तो परत बाईच्या हाती आलाच नाही.

आम्ही मोबाइलच्या विरुद्ध नाही. आमच्या गावात आता भेळेच्या गाड्यावर, भाजीच्या पाटीवर, केस कापण्याच्या दुकानात चौकोनी चित्र लावलेले असते. एस.टी.च्या कंडक्टरकडेही तसे यंत्र आले आणि सुट्ट्या पैशांवरून होणारी कटकट पुष्कळ कमी झाली. शिकवले तर माणूस शिकतो, हे जामखेडला दुसऱ्या कोणी सांगायला नको. १९७० साली आरोळे दांपत्याने इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा खेड्यातल्या अक्षरओळख नसलेल्या बायकाच आरोग्यसेविका झाल्या. त्यांत आपल्या समाजाच्याही होत्या. बाळंतपण, नाडी, औषध सगळे शिकल्या, आणि हे पाहायला परदेशातून डॉक्टर लोक आले. पण त्यांना कोणीतरी जवळ बसवून शिकवले होते. आमच्या वस्तीत मोबाइल मुलाच्या हातात असतो. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात आले की नाही, हे अक्कांच्या सुनेला नवराच सांगतो. पैसा तिच्या नावावर, अंगठा त्याचा. नोट हातात असली तर निदान ती कोणाला न विचारता चहा तरी घेऊ शकते.

असो. दीक्षाभूमीवर आई स्तूपाच्या आत बराच वेळ भिंतीला टेकून बसली. काही बोलली नाही. बाहेर येऊन तिने पुस्तकाच्या दुकानातून नातवंडांसाठी बाबासाहेबांचे चित्रमय चरित्र घेतले. दुकानदाराने नोट घेतली, उरलेले परत दिले, आणि आईने ते दोनदा मोजले.

परतीला विमानाचा खर्च झेपणारा नव्हता आणि आईचीही इच्छा नव्हती. अक्का तर म्हणाल्या, "त्यापरीस गाडीत गुडघं दुखल्यालं बरं." महाराष्ट्र एक्स्प्रेसने नगरला उतरलो. डब्यात चहावाले येत होते आणि आई प्रत्येकाला थांबवत होती. आम्ही नको म्हटले तरी ऐकेना.

जामखेड स्टँडवर उतरलो तेव्हा उन्हे वर आली होती. कोपऱ्यावरच्या टपरीवर आईने चार कटिंग सांगितले आणि पन्नासची नोट दिली. टपरीवरचा पोरगा सुटे शोधू लागला, मग चौकोनी चित्राकडे बोट करून आम्हाला म्हणाला, "भाऊ, त्यावर टाका ना, सुटे नाहीत." आई तिथेच बाकड्यावर बसली. म्हणाली, "मला घाई नाय. तू आन सुटे."

पोरगा शेजारच्या पानपट्टीवर जाऊन सुटे घेऊन आला.