जुलैत रिकाम्या बसलेल्या मोअरला

प्रिय मोअर,



इथे न्यू जर्सीत तुझी आठवण दोनदाच निघते. एप्रिलमध्ये तुला सुरू करायला दोरी ओढून ओढून हात दुखायला लागतात तेव्हा आणि नोव्हेंबरमध्ये तुला गॅरेजच्या कोपऱ्यात सारताना. मधल्या महिन्यांबद्दल कोणी बोलत नाही. माझं म्हणणं असं की, तुझं आयुष्य त्या मधल्या महिन्यांतच ठरतं. त्यातही जुलैअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे तुला काम नसतं तेव्हा.

आपल्या अंगणातलं केंटकी ब्लूग्रास आणि टॉल फेस्क्यू हे थंड हवेचं गवत. पारा ३२ अंशांच्या वर राहिला आणि पाऊस लांबला की ते वाढायचं थांबतं, पिवळं पडतं आणि मुळाशी जीव धरून बसतं. मे महिन्यात तुला दर आठवड्याला बाहेर काढावं लागतं. आता तीन-तीन आठवडे हात लागत नाही. टाकीतलं पेट्रोल मात्र तसंच पडून राहतं. त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. महिनाभरात पेट्रोल शिळं होतं, कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकटा धरतो. मग एके दिवशी पाऊस येतो, गवत तरारून वर येतं आणि नेमका तेव्हाच तू सुरू होत नाहीस. लोक तुला नावं ठेवतात. दोष तुझा नसतो.

म्हणून मी लहान कॅन ठेवतो, महिन्यात संपेल एवढाच. या राज्यात पंपावर आपल्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने मनाई आहे, त्यामुळे कॅन पंपावरचा माणूस भरतो. पण कॅन गाडीच्या डिकीत न भरता खाली जमिनीवर ठेवून भरायला मी आवर्जून सांगतो. घरी आल्यावर त्यात स्टॅबिलायझर मिसळायचं आणि तुला काही मिनिटं चालवायचं, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून भागत नाही.

आता पात्याबद्दल. हा विषय मला सगळ्यांत जवळचा. १८३० साली इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने तुझा पूर्वज घडवला. लोकरी कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्याला ती कल्पना सुचली होती. बडिंगच्या यंत्राची पाती गवत कात्रीसारखं कातरायची. तुझं तसं नाही. तुझं एकच पातं मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेत गवतावर आदळतं. वेगामुळे बोथट पातंही काम उरकतं आणि तिथेच फसगत होते. गवत कापलं न जाता फाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाकून पाहिलं तर शेंडे चिंध्यांसारखे आणि पांढुरके दिसतात. त्या फाटक्या टोकांतून पाणी जातं, रोगाला वाट मिळते, तीही ऐन उन्हाळ्यात.

पंचवीस तास चाललास की पातं उतरवायचं. आधी स्पार्क प्लगची टोपी काढायची, हे कितीही घाई असली तरी. मग एअर फिल्टरची बाजू वर राहील असं तुला कलवायचं, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. धार मी कानशीनेच लावतो. ग्राइंडरवर काम झटपट होतं, पण पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं. मूळ उतार सोडायचा नाही, दोन्ही टोकं सारखी घासायची, मग मधल्या भोकातून पातं खिळ्यावर अडकवून बघायचं. एक बाजू झुकली तर ती आणखी थोडी घासायची. असमतोल पात्याची थरथर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला खाते.

बाकीचं थोडक्यात. ऑइल दर वेळी बघायचं आणि पन्नास तासांनी इंजिन कोमट असताना बदलायचं. कोरड्या अंगणात धूळ उडते, तेव्हा फिल्टर लवकर तपासायचा. हँडलची दांडी सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलंच पाहिजे, अमेरिकेत १९८२ पासून तसा नियम आहे. ब्रेक झिजला की ते थांबणं लांबतं, म्हणून मी दर वेळी कान देऊन ऐकतो. आणि उन्हाळ्यात कापणीची उंची साडेतीन इंचांच्या खाली नाही. आमच्या गल्लीत भर उन्हातही गवत तासून गुळगुळीत करतात, ते मला बघवत नाही. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग घ्यावा. मुळांना सावली राहते, तुझ्या इंजिनवरही ताण कमी पडतो.

आपल्याकडे खंडेनवमीला अवजारं धुऊनपुसून पूजतात. हळदकुंकू तुला तेव्हाच मिळेल. डेकखाली वाळून घट्ट बसलेलं गवत खरवडायचं काम मात्र मी ऑगस्टातच उरकतो.

तुला काढून बॅटरीवरचा मोअर घ्यावा, असं घरात बोललं जातं. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून तुझ्यासारख्या नव्या इंजिनांची विक्री जवळपास बंद केली. धूर आणि आवाज पाहता ते मला पटतं, आणि तुझ्यानंतर बॅटरीवरचाच येईल. पण चालतं इंजिन भंगारात घालायला मन तयार नाही.

ऑगस्ट सरता सरता रात्री गार होतील. नवं बी टाकण्याआधी गवत एकदाच दोन इंचांवर आणावं लागेल आणि ते तुझं वर्षातलं सगळ्यांत जड काम. त्या दिवशी पात्याला धार असेल आणि टाकीत ताजं पेट्रोल असेल, एवढं माझ्याकडे लागलं.

कळावे, लोभ असावा.