पिवळ्या पाटीची गाडी

आमच्या बुऱ्हाणपुरात पहाटेपासून यंत्रमागांची खडखड सुरू होते. बेळगावहून सून होऊन आले तेव्हा त्या आवाजाने झोप लागायची नाही. आता माग बंद पडले की जाग येते. ह्यांचं कामही कापडाचंच. मागावरचं कोरं कापड उचलायचं आणि व्यापाऱ्यांच्या गोदामात पोचवायचं. इतकी वर्षं हे भाड्याच्या रिक्षाटेम्पोवर चाललं. मग एका पावसाळ्यात ताडपत्री उडाली, तागे भिजले आणि नुकसान आमच्या अंगावर आलं. तेव्हाच ठरलं, जुनी का होईना, पण बंद पाठीची लहान गाडी घ्यायची. पैसे माझ्या पाटल्यांचे. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

शनवाऱ्याच्या आतल्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या असतील तर कळेल, तिथे मोठा टेम्पो शिरतच नाही. ह्यांच्या मनात होती मारुतीची ओम्नी. रुंदी जेमतेम 1 मीटर 41 सेंटीमीटर, इंजिन मारुती 800 सारखंच 796 सीसीचं, सरकता दरवाजा. (हिंदी सिनेमातल्या गुंडांनी त्या दरवाजाची उगाच बदनामी केली!) पण ओम्नी 2019 मध्ये बंद झाली. म्हणजे आता मिळेल ती जुनीच.

आमचं गाव सीमेवरचं, त्यात माझं माहेर दुसऱ्या सीमेवरचं. त्यामुळे गाड्या आल्या त्या तीन राज्यांतून. पहिला फोन माझ्या तम्माचा, बेळगावहून. "अक्का, दाजींना सांग, मालवाहू ओम्नी आहे, पाटे नवे टाकलेत, एकदम स्वस्त. लगू बा!" दुसरी भुसावळच्या एका दलालाकडे, एमएच-19 ची. तिसरी इथलीच, एमपी-68 ची ईको कार्गो, आणि तीच सगळ्यांत महाग. तम्माच्या गाडीपेक्षा दीड लाखाने.

भुसावळची गाडी दिसायला देखणी होती. पाटी मात्र पांढरी, म्हणजे घरगुती वापराची. मागची सीटं काढून टाकलेली. दलाल म्हणाला, "वहिनी, सगळे असंच चालवतात." चालवत असतीलही. पण सीटं काढली म्हणून गाडी मालवाहू होत नाही, त्यासाठी नोंदणीच बदलावी लागते. भाड्याचा माल नेताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. शिवाय कापड दुसऱ्याचं, गाडी माझ्या पाटल्यांची! मी ह्यांना तिथल्या तिथे खूण केली, निघा म्हणून.

तम्माची गाडी पिवळ्या पाटीची होती, कागदही चोख. पण कर्नाटकची गाडी इथे 12 महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, मग इथला कर. तिकडे भरलेल्या करातलं जे परत मिळेल, त्यासाठी खेटे तम्मानेच घालायचे. त्यात 8 वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी. त्याआधी तो दोन वर्षांतून एकदा असतो. ओम्नीची आठ वर्षं भरत आली होती. स्वस्ताई तिथेच संपली.

मग ईको पाहायला गेलो. मालकाला आधीच सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन पहिल्या चावीला लागलं. ह्यांनी पायाखालचं मॅटिंग उचलून पत्रा पाहिला, दरवाजाच्या खाचेत बोट फिरवून गंज पाहिला. चासी नंबर मी स्वतः आरसीशी ताडून घेतला, कर्ज फिटल्याचा शेराही. परमिटची भानगड नव्हती. एकूण वजन 3000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला ते लागत नाही.

खरा पेच होता तो तम्माला कळवण्याचा. "माझी गाडी वाईट होती काय, अक्का?" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मग आठवडाभर काही नाही. अव्वा म्हणाली, "त्याने विसार द्यायची तयारी केली होती गं." मला वाईट वाटलं, पण सौदा काही मोडला नाही.

दिवाळीत आला तेव्हा पायही न धुता गाडीकडे गेला. दरवाजा दोनदा सरकवून पाहिला, खाली वाकून चाकं पाहिली. "छलो ऐती," म्हणाला, आणि ह्यांच्याकडे चावी मागितली.