चाकण की हिंजवडी : भाच्याला पत्र

चि. निखिल यास,


तू दोन गोष्टी विचारल्या आहेस, आणि त्या वेगवेगळ्या आहेत असं समजून विचारल्या आहेस. पहिली, मुलाखतीची तयारी कशी करू? दुसरी, मेकॅनिकलमध्येच राहू की वर्गातली निम्मी मुलं गेली तसा आयटीत जाऊ? चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, आणि हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग, अशा दोन मुलाखती पुढच्या पंधरवड्यात आहेत म्हणतोस. माझं म्हणणं असं, की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. तयारी नीट केलीस तर दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या तयारीतच सापडेल. ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’चं घोटून पाठ केलेलं उत्तर म्हणजे तयारी, अशी समजूत करून घेतलीस तर नोकरी कदाचित मिळेलही, पण ती तुझी आहे की नाही हे कळायला वर्ष जाईल.

आधी मुलाखत या प्रकाराची लायकी काय आहे ते बघू, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे भीती फार आणि माहिती थोडी. टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या मेडिकल कॉलेजला 1979 साली तिथल्या विधिमंडळाने ऐनवेळी पन्नास जागा वाढवायला लावल्या. तोवर चांगली मुलं दुसरीकडे गेलेली, म्हणून मुलाखतीनंतर खालच्या क्रमांकावर टाकलेल्यांतूनच पन्नास घ्यावे लागले. पुढे अभ्यासात आणि रुग्णांवरच्या प्रत्यक्ष कामात हे पन्नास आणि आधी निवडलेले यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. 1987 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतच 2013 साली आलेला आणखी एक प्रयोग तर चक्क गमतीचा आहे. त्यात काही मुलाखतींत उत्तर देणाऱ्यांना हो-नाहीची उत्तरं ठरावीक यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रश्नाशी काही संबंध न ठेवता, द्यायला सांगितलं होतं. समोरच्याला पत्ता लागला नाही. उलट आपल्याला हा माणूस छान कळला असं त्याला वाटलं. आणि मुलाखत घेऊन केलेलं गुणांचं भाकीत नुसते मागचे गुण बघून केलेल्या भाकितापेक्षा वाईट निघालं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने अजय हासिया खटल्यात 1980 सालीच यावर बोट ठेवलं होतं. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण तोंडी मुलाखतीला होते, आणि ती मुलाखत चालायची दोन-तीन मिनिटं, तीही आई-वडील काय करतात, राहता कुठे, असल्या चौकशीत. न्यायालय म्हणालं, पंधरा टक्क्यांहून जास्त गुण मुलाखतीला ठेवणं हे मनमानीचं आहे. मुलाखती टेप कराव्यात अशीही सूचना केली. केंद्र सरकारने तर 1 जानेवारी 2016 पासून खालच्या पदांच्या मुलाखतीच काढून टाकल्या.

हे वाचून तू म्हणशील, मग सगळा लॉटरीचाच मामला, तयारी करून उपयोग काय? सगळा नाही. मुलाखतीचे दोन प्रकार असतात. एकात साहेब खुर्चीत रेलून सुचेल ते विचारतात. दुसऱ्यात प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, तेही त्या कामाशी संबंधित, आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन तरुणपणी, 1950च्या दशकात, इस्रायली सैन्यात भरतीचं काम बघत होता. त्याने मुलाखत घेणाऱ्यांचं ‘मला असं वाटलं’ अगदी शेवटावर ढकललं आणि सहा गुणवैशिष्ट्यं ठरवून प्रत्येकाबद्दल आधीच्या आयुष्यातले साधे, खरे तपशील विचारायला लावले. निवड सुधारली. अलीकडे, 2022 साली, मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली. मुलाखतीतले गुण आणि पुढचं काम यांच्यातला संबंध शून्य ते एक या मापावर बघितला, तर ठरवून घेतलेल्या मुलाखतीचा आकडा सरासरी 0.42 आला आणि गप्पावजा मुलाखतीचा 0.19. चांगली मुलाखतसुद्धा अर्ध्यापर्यंत पोचत नाही हे लक्षात ठेव, पण निवडीच्या इतर बऱ्याच पद्धती तिच्याहूनही कमी पडतात हेही खरं.

यातून मी दोन निष्कर्ष काढतो. एक, नाकारलं गेलास तर तो तुझ्याबद्दलचा निकाल नव्हे. हे सगळे सांगतात. पण याचीच दुसरी बाजू कोणी सांगत नाही : निवडला गेलास तर तोही निकाल नव्हे. ‘त्यांनी घेतलं, म्हणजे मी त्या कामाचा असणार’ असं धरून चालणारी मुलं मला धोक्यात दिसतात. समोरच्याचा अंदाज इतका कच्चा असेल, तर करिअर कुठलं हे ठरवण्याचं काम त्याच्यावर सोपवता येत नाही. दुसरा निष्कर्ष असा, की मुलाखतीतला जो भाग खरोखर काही मोजतो, तो तू आजवर काय केलंस यावर उभा आहे. म्हणजे तयारी म्हणजे स्वतःच्या मागच्या चार-पाच वर्षांची झडती. आणि ही झडती कंपनीच्या जेवढी उपयोगाची, त्याहून जास्त तुझ्या.

आता प्रत्यक्ष बघ. चाकणच्या जाहिरातीत ‘इनकमिंग इन्स्पेक्शन, इन-प्रोसेस इन्स्पेक्शन, कस्टमर कंप्लेंट हँडलिंग, टीम प्लेअर’ असं लिहिलं असेल. यातला ‘टीम प्लेअर’ सोडून दे, तो सगळीकडे असतो. बाकीच्यांचा अर्थ काय? समज, पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट आहे, ड्रॉइंगवर टॉलरन्स अधिक-उणे 0.02 आहे. लॉटमधले पाच नग तू मायक्रोमीटरने मोजलेस, दोन 25.03 भरले. गाडी गेटवर उभी आहे, डिस्पॅचवाला दोनदा येऊन गेला, आणि प्रॉडक्शनचा सुपरवायझर, तुझ्या वडिलांच्या वयाचा, म्हणतोय, ‘साहेब, एवढ्यानं काय होतंय, असेंब्लीत बसतोय की!’ तू लॉट होल्डवर टाकायचास, लाल टॅग लावायचास, शंभर टक्के तपासणी लावायचीस, आणि उद्या त्याच माणसाशी नीट बोलत ‘व्हाय-व्हाय’, म्हणजे चूक का झाली याचं मूळ शोधणं, करत बसायचंस. क्वालिटीची नोकरी म्हणजे हे. मायक्रोमीटर धरणं आठवड्यात येतं. वयाने मोठ्या माणसाला रोज नाही म्हणणं आणि तरी संबंध टिकवणं, याला स्वभाव लागतो.

आता हिंजवडीकडे वळ. टेस्टिंग म्हणजे काय? दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधायची, ती पुन्हा कशी घडवता येते ते पायरीपायरीने लिहायचं, बग नोंदवायचा. डेव्हलपर म्हणतो, ‘माझ्याकडे तर चालतंय.’ रिलीज उद्यावर आलेली, मॅनेजरला पुढे ढकलायची नाही. तू पुन्हा नाही म्हणणारा. आलं लक्षात? तू ज्याला मेकॅनिकल की आयटी म्हणतोस, त्या फाट्यावरच्या दोन्ही वाटा एकाच गावाला जातात. एकीकडे लोखंड, दुसरीकडे स्क्रीन. एकीकडे तीन शिफ्ट, दुसरीकडे परदेशातल्या क्लायंटच्या वेळा. फरक आहेतच, पगारवाढीचाही आहे. पण कामाचा गाभा एकच : दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं आणि ती कागदावर सिद्ध करणं. म्हणून तुझा खरा प्रश्न शाखेचा नाही. हे काम तुला मनापासून करावंसं वाटतं का, हा आहे.

याचं उत्तर विचार करून मिळत नाही, वहीतून मिळतं. एक वही घे. दोन्ही जाहिरातींतली कामं डावीकडे लिही आणि प्रत्येकासमोर तू खरोखर केलेली एक गोष्ट लिही : काय झालं होतं, तू काय केलंस, पुढे काय झालं. कॉलेजात बाहा स्पर्धेसाठी बनवलेल्या गाडीच्या रोल केजचं वेल्डिंग तपासताना कोणी चूक पकडली? पकडणारा तू होतास की रात्री जागून पुन्हा वेल्ड मारणारा तू होतास? गणपती मंडळाच्या वर्गणीचा हिशोब जुळेना तेव्हा पावतीपुस्तकं घेऊन कोण बसलं? ‘फ्रेशरकडे सांगायला काय असतं’ ही तक्रार मला पटत नाही, कारण इथे नोकरीचा अनुभव मागितलेलाच नाही, वागणुकीचा पुरावा मागितला आहे. तो एकविसाव्या वर्षी प्रत्येकाकडे असतो. उजवी बाजू भराभर भरली, तर तुझी मुलाखत तयार झाली. या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत आणि उलट प्रश्न आला तरी कोसळत नाहीत. उजवी बाजू कोरी राहिली आणि तुला आठवणारं सगळं बनवण्याचं, जुळवण्याचं, बंद पडलेलं चालू करण्याचं असेल, तर प्रॉडक्शन, मेंटेनन्स, टूल रूम अशा दारांवर टकटक करायला हवी. ती दारंही चाकणलाच आहेत.

आता आक्षेप. पहिला तुझ्या आईचा असणार : घरात शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू व्हायचाय आणि मामा आवडीनिवडीच्या गप्पा मारतोय. आक्षेप खरा आहे. पहिली नोकरी हप्त्यासाठी घेणं यात कमीपणा काही नाही, आणि मी नोकरी नाकार असं म्हणतच नाहीये. पण ज्याला पैशाची निकड आहे त्यालाच चार महिन्यांत नोकरी सोडणं सगळ्यात महाग पडतं. मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरायचा बॉण्ड हा नुसता कागद असतो, असं हॉस्टेलवर कोणी सांगितलं असेल तर विसर. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. प्रत्येक बॉण्ड त्यामुळे टिकेलच असं नाही, पण सही करण्याआधी वाचायला हवा. हप्त्यासाठी न आवडणारं काम घ्यायचं तर ते माहीत असून घे. किती काळासाठी आणि त्यातून काय शिकून बाहेर पडायचं, हे वहीत लिहून घे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. तू खऱ्या गोष्टी सांगत बसशील आणि शेजारचा क्लासमध्ये घासूनपुसून आलेला, फाडफाड इंग्रजी बोलणारा घेऊन जाईल. होय, असं होतं. पहिल्या काही मिनिटांच्या गप्पांत झालेलं मत पुढे गुणांत उतरतं हे संशोधनातही दिसलेलं आहे. म्हणून बोलण्याचा सराव कर. ओळखीची दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक, इस्त्रीचा शर्ट घाल, वेळेआधी पोच. पण या सगळ्याला दोन संध्याकाळी पुरतात आणि मुलं दोन महिने यातच घालवतात. इंग्रजीत अडलास तर ‘हे मराठीत किंवा हिंदीत सांगू का’ असं सरळ विचार. त्या शॉप फ्लोअरवर ऑपरेटरशी बोलायचं ते त्याच भाषांत, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. आणि पाठांतरावर मिळालेल्या नोकरीत पहिल्याच सोमवारी पाठांतर संपतं. वशिल्याबद्दल काही लिहीत नाही. तो असेल तिथे तुझ्या तयारीने काही बिघडत नाही आणि काही घडतही नाही.

राहिला ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ हा शेवटचा प्रश्न, ज्याला आपली मुलं ‘नो सर, थँक यू’ म्हणून उठतात. इथे गप्प बसणं ही सभ्यता नव्हे. जॉन वानस या संशोधकाने 1973 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या टेलिफोन ऑपरेटरच्या उमेदवारांना कामाची खरी, बरी-वाईट बाजू दाखवणारी फिल्म दाखवली. नोकरी घेणारे त्यामुळे कमी झाले नाहीत. पण नुसती चकचकीत बाजू बघितलेल्यांपेक्षा त्यांच्या मनात सोडून जाण्याचे विचार कमी आले. आपल्याकडे अशी फिल्म कोणी दाखवत नाही, ती तुला प्रश्न विचारून काढून घ्यावी लागेल. नेमणूक कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराच्या? या जागेवर आधी कोण होतं आणि ते आता कुठे आहे? लॉट होल्ड केल्यावर शेवटचा शब्द कोणाचा, क्वालिटीचा की प्लांट हेडचा? सीटीसीतलं, म्हणजे कागदावरच्या एकूण पगारातलं, दरमहा हातात किती येतं? हे शेवटचं एचआरला विचार, तांत्रिक फेरीत नको. प्रश्न विचारल्याने कोणी तुला उद्धट ठरवलं, तर तशा ठिकाणी रोज नाही म्हणायची नोकरी कशी चालेल याचा अंदाज तुला फुकटात मिळाला.

वही आजच सुरू कर आणि रविवारी मला फोटो पाठव; उजवी बाजू कोरी असली तरी पाठव. चाकणला मुलाखत संपली की निघण्याआधी ‘पाच मिनिटं शॉप फ्लोअर बघता येईल का’ एवढं विचारायला विसरू नकोस. दाखवला, तर रिजेक्शनचा लाल ट्रे कुठे ठेवलाय आणि त्यात काय पडलंय ते बघून ये.

तुझा,
मामा