सिद्धगडाविषयीची एक चुकलेली ओळ : बेलवलीहून सायकलवरून

ठाणे जिल्ह्यातील किल्ल्यांवरील या मालिकेच्या मागील भागात मी सिद्धगडाची बोळवण एका ओळीत केली होती : ‘गोरखगड-मच्छिंद्रगडाचा शेजारी, नोंद घेण्याजोगी लढाई येथे झाली नाही.’ ती ओळ चुकीची होती. आजचा भाग त्या चुकीविषयी आणि तिच्यापायी केलेल्या दोन दिवसांच्या सायकलप्रवासाविषयी आहे.

चूक दाखवली ती माझ्या आजीने. तिचे माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या बाजूला. लग्न होऊन बेलवलीत आली तेव्हा इथे स्टेशनपर्यंत भातशेती होती, असे ती सांगते. मी लिहिलेले तिला अधूनमधून वाचून दाखवतो. त्या दिवशी वाल सोलता सोलता तिने मान वर केली आणि म्हणाली, “लढाय झाली नाय म्हनतोस? मंग माज्या बानं भाकऱ्या कोनाला पोचवल्या रं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते असायला हवे होते, कारण प्रसंग अगदी नोंदलेला आहे. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी एका क्रांतिकारक तुकडीला घेरले. त्या गोळीबारात हिराजी पाटील आणि विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल हे दोघे हुतात्मा झाले. मला ही माहिती नव्हती असे नाही. ती माझ्या डोक्यात ‘स्वातंत्र्यलढा’ या कप्प्यात होती आणि सिद्धगड ‘किल्ले’ या कप्प्यात. दुर्गप्रेमी मंडळींची ही जुनी खोड आहे. आपल्या लेखी किल्ल्याचा इतिहास १८१८ साली संपतो. त्यानंतर कॅप्टन डिकिन्सन येऊन पाहणी करतो, तटबंदी आणि वाटा निकामी करण्याच्या शिफारशी करतो आणि पुढे फक्त गवत उरते.

आजीला मी म्हणालो, “आजी, मी जाऊन बघून येतो.” ती म्हणाली, “बघ. पन मोटारीनं नको जाऊ. समदं निसटतं.”

म्हणून १ जानेवारीला पहाटे बेलवलीतून सायकल काढली. गिअरची आहे, पण जुनी विकत घेतलेली. तिसरा गिअर आपल्या मर्जीने पडतो. बदलापूर गाव मागे टाकून उल्हास नदीच्या पुलावर आलो तेव्हा पाण्यावर धुके होते. ही नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत-नेरळ-बदलापूरवरून कल्याणला जाते आणि तिथे खाडीला मिळते. कल्याणचे बंदर आणि घाटमाथा यांच्यामधली ही सारी सखल पट्टी आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणचे दानकर्ते पुन्हा पुन्हा भेटतात; सातवाहन काळापासून ही पट्टी व्यापाऱ्यांच्या पायांखाली आहे. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तीही याच बंदरासाठी आणि बंदराकडे येणाऱ्या वाटांसाठी. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडले, असे आमच्याकडे प्रत्येक मूल सांगते. ही लोकव्युत्पत्ती आहे, पुरावा म्हणून ती कुठे वापरू नका. सायकलवर मात्र ती पटू लागते. तासाला बारा-पंधरा किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला पुढचा थांबा कुठे हवा, हे पोटऱ्या सांगतात.

मुळगावचा खंडोबा टेकडीवर दिसला आणि रस्ता जंगलात शिरला. पुढे बारवी धरण. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण १९७०च्या दशकापासून ठाणे जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना पाणी देते. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि तोंडली, मोहघर यांसारखी गावे पाण्याच्या कडेवरून पाण्यात गेली. किल्ल्यांच्या यादीत अशी गावे येत नाहीत. तिथे थांबून पाणी प्यालो. नेमके तिथेच मागचे चाक बसले. पंक्चर काढायला पाऊण तास गेला. हातपंप आणला होता, पण चिकटपट्टीचा डिंक सुकलेला. गुरे घेऊन निघालेल्या एका काकांनी शेजारच्या पाड्यावरून कुणाची तरी मोटारसायकलची सामग्री आणून दिली. “सिद्धगडाला सायकलनं?” एवढेच विचारून ते हसले.

मुरबाडला दोन रस्ते फुटतात. एक टोकावडे-वैशाखरेकडे, म्हणजे नाणेघाट आणि माळशेजच्या बाजूला. नाणेघाटातील नागनिकेचा लेख, राजपुरुषांच्या तुटलेल्या प्रतिमांवरची नावे आणि तो दगडी रांजण यांच्याबद्दल तुम्ही वाचले असेलच. दुसरा रस्ता म्हसा गावाकडे जातो. पौष पौर्णिमेला इथे म्हसोबाची यात्रा भरते, मोठा बैलबाजार लागतो. मी गेलो तेव्हा माळ रिकामा होता. म्हशाच्या पुढे समोरचे दृश्य बदलले. डावीकडे गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, उजवीकडे सिद्धगडाचा प्रचंड ठोकळा आणि मागे सह्याद्रीची सलग भिंत. खाचरांत वालाचे पीक उभे होते, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या होत्या. वाहने जवळजवळ नाहीत. चढ फार तीव्र नाही, पण संपत नाही. इथे मला पहिल्यांदा नीट समजले की सिद्धगड एवढा आडबाजूला का आहे. तो आडबाजूला नाहीच. तीन हजार फुटांहून उंच असा तो घाटाच्या भिंतीला चिकटून उभा आहे. पाठीमागे पुणे जिल्हा, दक्षिणेला कर्जत, म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आणि पायाशी ठाणे. तीन जिल्ह्यांच्या सीमेजवळ, घनदाट रानात, पायवाटांनी सगळीकडे जोडलेले ठिकाण. मध्ययुगातील किल्लेदाराला जे हवे तेच १९४२मधील भूमिगत माणसालाही हवे होते.

आता भाई कोतवालांविषयी. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. आसपासच्या शेतकरी-आदिवासी वस्त्यांत त्यांनी स्वयंसेवी शाळा सुरू केल्या. सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठी उभारली. ऑगस्ट १९४२च्या ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर ते भूमिगत झाले आणि ‘आझाद दस्ता’ तयार झाला. दस्त्याने नेम धरला तो विजेच्या मनोऱ्यांवर.

मनोऱ्यांवरच का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोलीत १९१५मध्ये, भिवपुरीत १९२२मध्ये आणि भिऱ्यात १९२७मध्ये सुरू झाली. सह्याद्रीत अडवलेले पाणी खाली सोडून केलेली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना आणि नंतर रेल्वेला जाऊ लागली. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची चाके फिरत होती ती आपल्या या पट्टीवरून गेलेल्या तारांच्या जोरावर. त्या तारा पेलणारे मनोरे शेतात, रानात, निर्जन टेकड्यांवर उभे. प्रत्येकापाशी पहारा ठेवणे अशक्य. दस्त्याने १९४२च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मनोऱ्यांचे पाय कापून असे अकरा मनोरे पाडले. पूर्वी घाटवाट अडवली की बंदर सुकत असे. इथे मनोरा पाडला की गिरणी थांबत होती. हे लक्षात आल्यावर मला माझ्या त्या ओळीची खरोखर लाज वाटली.

सरकारने बक्षीस लावले. ठावठिकाणा फुटला. २ जानेवारीच्या पहाटे पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने तळ गाठला. हिराजी पाटील आधी पडले. कोतवाल जखमी झाले आणि मग त्यांच्यावर पुन्हा गोळी झाडण्यात आली. वय तीस वर्षे आणि एक महिना. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे वय त्याच्या आगेमागे असेल.

रात्री आजीच्या भाच्याकडे मुक्काम केला. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, आणि मी सायकलने आलो याबद्दल घरभर चाललेली चेष्टा. मामांना मी भाकऱ्यांची गोष्ट विचारली. त्यांनीही ती ऐकलेली होती, पण वेगळी : त्यांच्या मते आजोबांनी तांदूळ पोचवले होते, भाकऱ्या नव्हेत, आणि तेही एकदाच. आजी १९४३मध्ये दोन वर्षांची होती. तिची आठवण ऐकीव आहे. अशा ऐकीव गोष्टीला इतिहास म्हणून किती वजन द्यायचे? मी असे ठरवले आहे : भाकऱ्या की तांदूळ, हे मी लिहिणार नाही. पण रानात राहणारी तुकडी गावकऱ्यांच्या अन्नावाचून तगली नसती, आणि त्या अन्नाची याद दोन घरांनी दोन तऱ्हांनी जपली आहे, एवढे लिहायला मला हरकत वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारातच सायकल वाडीत ठेवली आणि चालत स्मारकापाशी गेलो. दरवर्षी २ जानेवारीला पहाटे लोक इथे अभिवादनाला जमतात. मशाली होत्या, शाळेची मुले होती, घोंगडी पांघरलेली म्हातारी माणसे होती. ओढ्याला थोडे पाणी होते. उजाडू लागले तसा झाडांच्या वर गडाचा कडा दिसू लागला, आणि मी गडावर चढलोच नाही. वरची तटबंदी, दरवाजा, टाकी यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. त्यासाठी पुन्हा येईन. परतताना बारवीपर्यंत उतार होता. वाटेत दिसलेला प्रत्येक विजेचा मनोरा मी मोजत होतो; मुरबाडच्या अलीकडे मोजणी सोडून दिली.

घरी आल्यावर आजीने पहिली चौकशी केली ती भाच्याच्या गुडघ्याची. मग ओढ्याला पाणी होते का, हे विचारले. मामांची तांदळाची गोष्ट सांगितल्यावर ती चिडली. “त्याला काय म्हाईत? तो जल्मला बी नव्हता.”

मागील भागातील नोंद आता अशी बदलली आहे : ‘सिद्धगड, ता. मुरबाड. गोरखगड-मच्छिंद्रगडाचा शेजारी. २ जानेवारी १९४३ रोजी येथे आझाद दस्ता आणि पोलीस यांच्यात चकमक. भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा.’ ज्यांनी जुनी ओळ पुढे पाठवली असेल त्यांनी कृपया ही नवीही पाठवावी. पुढील भागात मुरबाडचा दुसरा रस्ता धरून नाणेघाटाकडे जाऊ. तोवर तिसऱ्या गिअरचे काहीतरी करावे लागेल.