राजिवड्याच्या खाडीतली एक पहाट

रत्नागिरी शहर जिथे भाट्ये खाडीला टेकते, तिथे राजिवडा आहे. काजळी नदी इथेच समुद्राला मिळते. पलीकडे भाट्याचे सुरुबन. अलीकडे घरे, मशीद, वाळत घातलेली जाळी आणि ओळीने बांधलेल्या होड्या. आपल्या समाजातली कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर जगत आली आहेत. या मोसमात मामूंकडे गेले होते, तेव्हा फजरनंतर त्यांच्याबरोबर होडीपर्यंत गेले.

खाडीच्या तोंडाशी गाळ साचला आहे. भरती साधून, फुटणाऱ्या लाटांतून होडी बाहेर काढावी लागते. तिथे मशीन बंद पडली तर होडी आडवी होते आणि जिवावर बेतते. म्हणून मामू आधी पेट्रोलची नळी बघतात. टाकीपासून मशीनपर्यंतच्या या नळीत मुठीत मावेल एवढा रबरी फुगा असतो. त्यावरचा बाण मशीनकडे ठेवून तो कडक होईपर्यंत दाबायचा. नळीतली हवा निघते, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत चढते. मशीन सुरू झाली की पुढचे काम तिचा स्वतःचा पंप करतो.

मामूंची बोटे आता संधिवाताने आखडतात. म्हणून मामेभावाने 12 व्होल्टचा छोटा इलेक्ट्रिक पंप बसवून दिला. बटण दाबले की काही सेकंदांत काम होई. पण एका पहाटे बटण चालूच राहिले आणि मामू चहासाठी घरी आले. परत जाऊन बघतात तर नळीची क्लिप सैल आणि होडीच्या तळाशी पेट्रोल! सोबतचा खलाशी बिडी पेटवणार होता. मामूंनी ओरडून त्याला थांबवले. अल्लाहने वाचवले.

मिस्त्रीने नंतर समजावले. मशीन पेट्रोल ओढते तेव्हा नळीच्या फटीतून हवा आत येते, मशीन अडखळते, एवढेच. पंप पेट्रोल ढकलतो, तेव्हा त्याच फटीतून ते बाहेर येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती तळाशीच साचून राहते. एक ठिणगी पुरे. पंपाचा दाब जास्त असला तर कार्बोरेटरही ओसंडतो. म्हणून पंप हवा तर कमी दाबाचा, बोटीसाठीच बनवलेला.

आता पंप आहे, पण बटण धरून ठेवले तरच चालतो. बोट उचलले की बंद. मशीन सुरू करण्याआधी मामू वाकून तळाचा वास घेतात. फुगाही नळीत तसाच आहे, बॅटरी उतरली तर तोच कामाला येतो. उन्हाने रबर तडकते, म्हणून दर मोसमाला नळी आणि क्लिपा तपासल्या जातात.

“उंट आधी बांधायचा, मग तवक्कुल,” मामू म्हणाले आणि बिस्मिल्ला करून त्यांनी दोरी ओढली.

मामी ओटीवर बसल्या होत्या. मशीनचा आवाज न अडखळता खाडीच्या तोंडाबाहेर गेला, तेव्हा त्या “अल्हमदुलिल्लाह” म्हणत चुलीकडे वळल्या.